कांद्याच्या चाळीत ब्लूटूथ बीकन लावलेत, बॅटरी आठवडाभरात संपते अन् ढिगात सिग्नल मरतो, काय चुकतंय?

चाळवाला_चांदवड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स, नोकरी नाशिकला, घर चांदवड तालुक्यात. आमची २५ टनांची चाळ आहे, वर सिमेंटचे पत्रे, दोन्ही बाजूंना जाळी अन् खालून हवा. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा भरला की दिवाळीच्या आगेमागेपर्यंत ठेवतो. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये वरून कांदा एकदम चकचकीत दिसत होता आणि अप्पांनी एका कप्प्यात हात घातला तर खालचा थर ओला, बोटाला काळी काजळी अन् तो वास. त्या कप्प्यातलं निम्मं फेकून द्यावं लागलं. तेव्हाच ठरवलं होतं की ढिगाच्या आत काय चाललंय ते बाहेर उभं राहून कळायला पाहिजे.

चाळीत वायफाय नाही, सिमचं मॉड्यूल लावायचं तर प्रत्येक कप्प्याला रिचार्ज कोण करणार, म्हणून ब्लूटूथ लो एनर्जीचे, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या ब्लूटूथचे बीकन करायचं ठरवलं. कनेक्ट वगैरे काही नको, बीकननं नुसतं तापमान अन् आर्द्रता ओरडत राहायचं, अप्पा सकाळी चाळीला चक्कर मारतात तेव्हा खिशातल्या फोननं ते ऐकायचं. ॲप मी स्वतः लिहिलंय, साधंच आहे.

आत्ताचं सामान असं: ईएसपी३२ या वायफाय-ब्लूटूथवाल्या चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड, डीएचटी२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, २६०० मिलिअँप-अवरचा एक १८६५० सेल. बोर्ड दर १० सेकंदांनी डीप स्लीपमधून (गाढ झोपेतून) उठतो, सेन्सर वाचतो, थोडा वेळ ॲडव्हर्टाइज करतो, म्हणजे ओरडतो, आणि परत झोपतो. डेटाशीटमध्ये डीप स्लीप १० मायक्रोअँप लिहिलंय म्हणून मला वाटलं सीझन आरामात निघेल, पण बरोब्बर आठ दिवसांत सेल खाली.

दुसरं म्हणजे बीकनचं नाव मी "कांदा चाळ" ठेवलंय, ते पॅकेटात टाकलं की सेन्सरच्या आकड्यांना जागाच उरत नाही म्हणून आकडे स्कॅन रिस्पॉन्समध्ये, म्हणजे फोननं मागितल्यावर जाणाऱ्या दुसऱ्या पॅकेटात टाकलेत. चालतं, पण फोनला कधी मिळतात कधी नाही.

तिसरं, डबी ढिगावर ठेवली की पंधरा पावलांवरून सिग्नल येतो, तीच दोन फूट आत पुरली की जाळीला फोन टेकवला तरी मुश्किलीनं एखादं पॅकेट. पॉवर वाढवून बघितली, काही फरक नाही.

चौथं, माझ्या फोनवर दिसतं आणि अप्पांच्या जुन्या अँड्रॉइड १० वाल्या फोनवर काहीच दिसत नाही, एररसुद्धा नाही.

पुढचा कांदा भरायच्या आत बारा बीकन बनवायचेत. काय बदलू ते सांगा, सगळं मोडून परत करायची तयारी आहे.

मायक्रोअँप यांचं उत्तर

आधी बॅटरीचं बघू, कारण तिथला हिशोब तुम्हीच दिलाय. २६०० मिलिअँप-अवर आठ दिवसांत म्हणजे १९२ तासांत संपले, म्हणजे सरासरी साडेतेरा मिलिअँप. आता हे साडेतेरा कुठून आले? डेटाशीटमधले १० मायक्रोअँप हे नुसत्या चिपचे, तुमच्या बोर्डचे नाहीत. बोर्डवर एएमएस१११७ रेग्युलेटर (चिपला लागेल तेवढंच व्होल्टेज देणारा भाग) असेल तर तो एकटाच काही काम न करता ५ मिलिअँपच्या आसपास पितो, शिवाय यूएसबीची चिप आणि तो लाल दिवा. म्हणजे चिप झोपते पण घर जागंच असतं. त्यावर दर १० सेकंदांनी ईएसपी३२ उठून ब्लूटूथचं सगळं बस्तान मांडते, त्यात पाव-अर्धा सेकंद १०० मिलिअँपच्या आसपास जातात, त्याची सरासरी आणखी तीनेक मिलिअँप. ईएसपी३२ चांगलीच चिप आहे पण ती वायफायसाठी, भिंतीतल्या प्लगवर चालायला. सेलवर वर्षभर ओरडत राहायचं काम तिचं नाही.

नॉर्डिकची एनआरएफ५२८३२ किंवा तिची धाकटी एनआरएफ५२८१० घ्या, दोन्हींची तयार मॉड्यूल सहज मिळतात. आता हिशोब नीट बघा, कारण बीकनचं सगळं डिझाइन या हिशोबातच आहे. एक पूर्ण भरलेलं ॲडव्हर्टायझिंग पॅकेट, प्रिॲम्बलपासून (सुरुवातीच्या इशाऱ्यापासून) सीआरसीपर्यंत (शेवटच्या चूक-तपासणीपर्यंत) ४७ बाइट, १ मेगाबिटच्या वेगानं ३७६ मायक्रोसेकंद हवेत असतं. तेच पॅकेट तीन चॅनलवर एकामागून एक जातं, ३७, ३८ आणि ३९, म्हणजे २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ, हे तीन मुद्दाम असे निवडलेत की वायफायच्या १, ६, ११ या नेहमीच्या चॅनलांच्या मधून निघतील. ० डीबीएमला (डीबीएम म्हणजे रेडिओच्या पॉवरचं माप), आतला डीसी-डीसी (वीज वाचवत व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर) चालू असताना, ५२८३२ चा रेडिओ ५.३ मिलिअँप घेतो. तिन्ही मिळून १.१ मिलिसेकंद, म्हणजे ६ मायक्रोकूलंब. क्रिस्टल उठणं, रेडिओ चढणं, सीपीयू हे धरून एका ओरडण्याला साधारण १२ धरा. दर सेकंदाला एकदा ओरडलात तर सरासरी १२ मायक्रोअँप, वर झोपेचे २, एकूण १४. सीआर२०३२ बटण सेलमध्ये २२० मिलिअँप-अवर असतात, कागदावर पावणेदोन वर्षं.

आता अंतर ५ सेकंद केलं तर ओरडण्याचे २.४ आणि झोपेचे तेच २. इथे लक्षात येतं की यापुढे अंतर वाढवून फारसं हाती लागत नाही, झोपच खर्चाच्या बरोबरीला आली. म्हणून जीव तोडून झोप साफ करायची. माझ्या हातून झालेली चूक सांगते, डीबगसाठी सीरियल पोर्ट चालू ठेवला होता आणि तसंच फर्मवेअर चाळीस नगांत गेलं. त्या पोर्टमुळे मोठं क्लॉक कधी झोपायचंच नाही, २ मायक्रोअँपच्या जागी शेकडो. दीड महिन्यात सगळे नग मेले आणि मी एकेक डबी उघडून परत प्रोग्राम केली. आणि तो डीसी-डीसी सॉफ्टवेअरमधून चालू करावा लागतो, शिवाय मॉड्यूलवर त्याची इंडक्टर हवीत, नसताना चालू केलात तर चिप उठणारच नाही.

मोजायचं कसं हा पुढचा प्रश्न येणारच. साधा मल्टिमीटर मायक्रोअँपच्या रेंजवर लावला की ५ मिलिअँपच्या झटक्याला आतल्या रेझिस्टरवर व्होल्टेज पडतं अन् चिप रीसेट होते. पॉवर प्रोफायलर किट २ (नॉर्डिकचं करंट मोजायचं यंत्र) मिळालं तर उत्तम. नाहीतर सेलच्या वाटेत १ किलोओमचा रेझिस्टर घाला, चिपच्या बाजूला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सुरू होईपर्यंत रेझिस्टर वायरनं शॉर्ट ठेवा, मग वायर काढा आणि पाचेक मिनिटांनी रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट वाचा. १४ मिलिव्होल्ट म्हणजे १४ मायक्रोअँप. कपॅसिटरची गळती आधी वेगळी मोजून वजा करायची.

डीएचटी२२ काढा. त्याला ३.३ व्होल्टच्या खाली भरवसा नाही, सेल उतरताना तो आधी खोटं बोलतो अन् मग गप्प होतो. एसएचटी४० घ्या, तो १.०८ व्होल्टपर्यंत चालतो, एक मोजणी ८-९ मिलिसेकंदांत, झोपेत ०.१ मायक्रोअँपच्याही खाली. मिनिटाला एकदा वाचला तर बॅटरीच्या हिशोबात त्याचं नावही येत नाही. ढिगातलं तापमान काही सेकंदासेकंदाला बदलत नाही, तेव्हा मोजायचं मिनिटाला आणि ओरडायचं सेकंदाला, ही दोन कामं वेगळी ठेवा.

आता ते नाव! हे बघून मला खरंच बरं वाटलं की कोणीतरी देवनागरीत ठेवलं, पण जुन्या पद्धतीच्या पॅकेटात तुम्हाला एकूण ३१ बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना, अनुस्वारसुद्धा. "कांदा चाळ" ची आठ चिन्हं, २४ बाइट, मधली जागा १, नावाचं हेडर २, फ्लॅग्जचे ३, झाले ३०. सेन्सरला उरला एक बाइट. म्हणून तुम्ही स्कॅन रिस्पॉन्सकडे गेलात, पण तो फोननं मागितल्यावरच मिळतो, त्यासाठी बीकनला प्रत्येक पॅकेटनंतर कान उघडा ठेवावा लागतो आणि ऐकायलाही जवळपास बोलण्याइतकाच करंट लागतो. मराठी नाव ॲपमध्ये ठेवा, बीकनला दोन बाइटांचं रोमन अक्षर अन् आकडा पुरे. पॅकेटचा प्रकार नॉन-कनेक्टेबल, नॉन-स्कॅनेबल, म्हणजे ओरडला की लगेच झोप.

आकड्यांची मांडणी स्वतःची शोधू नका, बीटीहोम ही सेन्सरचे आकडे ब्लूटूथनं पाठवायची ठरलेली मांडणी वापरा. उघडं आहे, होम असिस्टंटला (घरातली यंत्रं सांभाळायचं सॉफ्टवेअर) थेट कळतं. फ्लॅग्ज धरून हेडर ८ बाइट, पॅकेट क्रमांक २, तापमान ३, आर्द्रता ३, बॅटरीचं व्होल्टेज ३, असे १९. नावाचे ४ मिळून २३. तापमान अंशाच्या शंभराव्या भागात पूर्णांक म्हणून जातं, २९.३७ अंश म्हणजे २९३७, दोन बाइट, लहान बाइट आधी. आठ बाइट अजून शिल्लक आहेत, त्यात गेल्या २४ तासांतलं कमाल तापमान टाका. अप्पा सकाळी येणार, तोवर दुपारचं पॅकेट हवेत विरलेलं असतं, बीकन मागचं काही सांगत नाही, म्हणून मागचं त्याच्याच तोंडी द्यायचं.

पीसीबी_भोसरी यांचं उत्तर

ताईंनी करंटचं सगळं सांगितलंच, मी सिग्नलचं बोलतो. भाऊ, तुम्ही पॉवर वाढवून फरक पडला नाही म्हणताय तो पडणारच नव्हता. कांद्यात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, २.४ गिगाहर्ट्झला पाणी पिऊन टाकतं, दोन फूट ढीग म्हणजे सिग्नलच्या वाटेत पाण्याची भिंत. ० चे ४ डीबीएम केले तर करंट वाढेल, ढीग तेवढाच राहील.

रेडिओ ढिगात ठेवूच नका. सेन्सर ढिगात आणि रेडिओ ढिगाच्या वर, मध्ये वायर. अर्धा इंची पीव्हीसी पाइप घ्या साडेचार फूट, खालच्या फूटभरात ड्रिलनं भोकं पाडा, आत सेन्सरची चिमुकली पट्टी, वरच्या तोंडाला प्लास्टिकची डबी, तिच्यात मॉड्यूल आणि सेल. कांदा भरतानाच पाइप उभा धरायचा, नंतर खुपसलात तर कांदे जखमी होतात अन् सड तिथूनच सुरू होते.

वायर दीड मीटर आणि एसएचटी४० आयस्क्वेअरसीवर (चिप अन् सेन्सर डेटा आणि क्लॉक अशा दोन वायरींनी जोडायची पद्धत), चालेल का असं विचाराल, चालतं. केबलची कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या आत ठेवायची असते, दीड मीटरला ती बसते, क्लॉक फक्त १०० किलोहर्ट्झच्या जागी २०-२५ वर आणा, पुलअप रेझिस्टर ४.७ किलोओम. डेटा अन् क्लॉक एकमेकांना पिळू नका, डेटा ग्राउंडबरोबर, क्लॉक सप्लायबरोबर असे पिळा.

अँटेनाचं एकच सांगतो, बाकी मॉड्यूलच्या डेटाशीटमध्ये चित्र असतं तसं करा. मॉड्यूलची अँटेनाची बाजू पीसीबीच्या कडेबाहेर काढा किंवा तिच्याखाली कुठल्याच थरात तांबं ठेवू नका, आणि सेल तिला चिकटवून लावू नका. बटण सेल म्हणजे धातूची चकतीच. आमच्याकडे एकाने डबी छोटी करायची म्हणून सेल अँटेनाखाली सरकवला होता, रेंज निम्म्याहून खाली. चाळीची लोखंडी जाळी पण लक्षात ठेवा, या लहरीची लांबी १२.५ सेंटिमीटर, इंची जाळी तिला बऱ्यापैकी अडवते, डबी जाळीला बांधू नका, वीतभर आत अन् ढिगाच्या वर राहू दे.

आणि बटण सेल कशाला? सीआर२०३२ मध्ये आतला रेझिस्टन्स असतो, सेल म्हातारा झाला की ५ मिलिअँपच्या झटक्यालाही व्होल्टेज बसतं, मग १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा वगैरे. तुम्हाला जागेची अडचणच नाही. दोन पेन्सिल सेल लावा, नवे असताना ३.२ व्होल्ट, २ व्होल्टपर्यंत चिप चालते, रेग्युलेटर नकोच. गावच्या दुकानात मिळतात, अप्पा स्वतः बदलू शकतात. २००० मिलिअँप-अवरला १४ मायक्रोअँप म्हणजे सेल वापरानं मरणारच नाही, तेव्हा गळायच्या आत दर सीझनला बदला, पत्र्याखाली मे महिन्यात अल्कलाइन सेल गळतात. ३.६ व्होल्टवाला लिथियम थायोनिल घेऊ नका, नवा असताना तो चिपच्या ३.६ च्या मर्यादेला डोकं लावतो.

बोर्ड सोल्डर झाल्यावर सेन्सर लावलेली पट्टी आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) धुऊ नका, कॉन्फॉर्मल कोटिंग (ओलीपासून वाचवणारा थर) करणार असाल तर सेन्सरच्या भोकावर टेप लावा, नाहीतर आर्द्रता जन्मभर चुकीची दाखवेल.

चाळवाला_चांदवड

ताई, भाऊ, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. नावाचे बाइट मोजून बघितले, खरंच ३० भरतात. "कांदा चाळ" लिहिताना काना मोजायचा असतो हे डोक्यातच आलं नाही.

मॉड्यूल मागवलेत. तोवर जुन्याच बोर्डावर पाइपचा प्रयोग केला, मागच्या वर्षीचा थोडा कांदा घरी होता तो पिंपात भरून. डबी वर आणि सेन्सर खाली, पंधरा पावलांवर फोन धरला, एकही पॅकेट चुकलं नाही. इतके दिवस मी पॉवरच्या मागे लागलो होतो.

आता विचारायचं ते हे की आकडे आल्यावर अप्पांना सांगायचं काय? किती तापमान म्हणजे घाबरायचं? आणि बारा कप्प्यांत सेन्सर नेमका कुठे ठेवू, वर, मध्ये की तळाला?

गिरणाकाठ

बाळा, मी कॉम्प्युटरवाला नाही पण कांदा तीस वर्षं साठवतोय म्हणून लिहितो. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची माणसं सांगतात तेच मी पाळतो, २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७०. आर्द्रता चढली की बुरशी अन् सड, फार उतरली की कांदा सुकतो, वजन घटतं, पत्ती सुटते. मात्र आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली चाळीस सहज होतात, तेव्हा तुझा फोन रोज दुपारी ओरडायला लागला तर तुझे वडील चार दिवसांत तो बंद करून ठेवतील.

म्हणून एका आकड्यावर जाऊ नको. बारा कप्पे आहेत ना, मग त्यांची आपसात तुलना कर. ऊन सगळ्यांना सारखं लागतं. अकरा कप्पे ३२ वर आणि एकच ३४ वर, तोही पहाटेच्या वेळी, तर त्या कप्प्यात काहीतरी शिजतंय. सडका कांदा स्वतः गरम होतो आणि पाणी सोडतो. माझी आई पहाटे पाऊल न वाजवता चाळीत जायची आणि ढिगात कोपरापर्यंत हात घालून थांबायची, म्हणायची दुपारी कांदा खोटं बोलतो, पहाटे खरं. तुझ्या यंत्रालाही पहाटेचाच आकडा विचार.

जागा म्हणशील तर तळापासून दीड फूट वर अन् कप्प्याच्या मधोमध. अगदी तळाला खालची हवा लागते, तिथं नेहमी बरंच दिसतं. कडेलाही तसंच. मधला गाभा गुदमरतो, तिथंच ठेव. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाच्या बाजूच्या कप्प्यांकडे जास्त लक्ष. आणि ढीग पाच फुटांच्या वर जाऊ देऊ नको, मग कितीही यंत्रं लावलीस तरी खालचा कांदा दबणारच.

एक विचारतो, हे आकडे हवेत उघडे जातात म्हणतोस, मग चाळीशी आलेला व्यापारी पण आपल्या फोनवर बघू शकेल का? कुठल्या कप्प्यात सड लागली हे त्याला आधी कळलं तर तो भाव पाडेल.

मायक्रोअँप

काका, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. हो, उघडं ठेवलं तर कोणीही वाचू शकतं. पण बीटीहोममध्ये कुलूप आहे, १६ बाइटची किल्ली फक्त तुमच्या फोनकडे असते, बाकीच्यांना नुसती अक्षरं दिसतात. त्याला ८ बाइट जास्त लागतात, ४ मोजणीचे अन् ४ पडताळणीचे. २३ आणि ८ म्हणजे बरोब्बर ३१. म्हणजे तो कमाल तापमानाचा आकडा बसणार नाही. मोजणी असली की वेगळा पॅकेट क्रमांक लागत नाही, त्याचे २ सुटतात, बॅटरीचं व्होल्टेज १ बाइटच्या टक्केवारीत दिलं तर आणखी १. सुटले ३, आणि कमाल तापमानाला ३ च लागतात. पुन्हा ३१. बसलं! काकांनी म्हटल्याप्रमाणे कमाल ऐवजी पहाटे चारचं तापमान टाका, बीकनला घड्याळ नसलं तरी २४ तासांतलं किमान म्हणजे बहुतेक तेच.

मोजणीचा आकडा मात्र फ्लॅशमध्ये मधूनमधून लिहून ठेवा, सेल बदलल्यावर तो शून्यापासून सुरू झाला तर फोन जुनं पॅकेट समजून टाकून देईल.

ॲप_कट्टा

अप्पांच्या फोनचं राहिलंच की. अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत ब्लूटूथ स्कॅनला लोकेशनची परवानगी लागते, आणि नुसती परवानगी देऊन भागत नाही, वरच्या पट्टीतलं लोकेशनचं बटण पण चालू लागतं. बंद असेल तर फोन एरर देत नाही, निमूटपणे काहीच देत नाही. अप्पांनी बॅटरी वाचवायला ते बंद ठेवलेलं असणार, नव्वद टक्के हेच आहे. ॲप उघडल्यावर ते तपासा आणि मराठीत मोठ्या अक्षरात सांगा.

अँड्रॉइड १२ पासून वेगळी स्कॅनची परवानगी आली, तिथं "लोकेशनसाठी वापरणार नाही" असा झेंडा लावता येतो अन् मग लोकेशन लागत नाही. पण तो लावला की काही बीकनची पॅकेट सिस्टीम स्वतःच गाळते, त्यामुळे आधी तुमच्या बीकनवर तपासून मगच ठरवा.

अजून एक खड्डा, स्कॅन सारखा चालू-बंद करू नका. अँड्रॉइड ७ पासून ३० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा सुरू केला की तुमचं ॲप गप्प बसवलं जातं, तेही न सांगता. आणि स्क्रीन बंद असताना चालायला हवं असेल तर फिल्टर (कुठली पॅकेट हवीत ते) द्यावाच लागतो, बिनफिल्टरचा स्कॅन ८.१ पासून स्क्रीन बंद झाली की थांबतो.

आता ते सेकंदाला की पाच सेकंदांनी हे फोनच्या बाजूनं बघा. फोन खिशात, स्कॅन कमी पॉवरच्या मोडवर असेल तर तो साधारण दहातला एकच भाग वेळ ऐकतो, उरलेला वेळ कान बंद. बीकन ५ सेकंदांनी ओरडला तर एक पॅकेट कानावर पडायला सरासरी पन्नास सेकंद. अप्पा एका कप्प्यापुढे पन्नास सेकंद थांबणार आहेत का? सेकंदाला ओरडला तर दहाएक सेकंदांत काम होतं. मी तर म्हणतो अप्पांनी ॲप उघडूनच चक्कर मारावी, तेव्हा तुम्ही पूर्ण वेळ ऐकणारा मोड लावा, मग सेकंद-दोन सेकंदांत सगळे बारा दिसतात. बीकनचं अंतर अगदी गोल आकड्यात ठेवू नका. फोनची ऐकण्याची पाळी अन् बीकनची ओरडण्याची पाळी एका तालात अडकली तर दोघं बराच वेळ एकमेकांना चुकवत राहतात, स्पेसिफिकेशनमध्ये ० ते १० मिलिसेकंदांचा, दर वेळी वेगळा उशीर घातलाय तो त्यासाठीच, पण तो हळूहळू सरकवतो. ॲपलनं स्वतःच्या फोनसाठी सुचवलेले आकडे आहेत त्यात १०२२.५ मिलिसेकंद आहे, तो घ्या. घरात कोणाकडे आयफोन असेल तर त्यालाही बरं, फक्त आयफोन ॲपला बीकनचा खरा पत्ता सांगत नाही, ओळख त्या दोन बाइटांच्या नावावरूनच करा.

एखादा जुना फोन चाळीत कायम लावून ठेवायचा विचार असेल तर पत्र्याखाली नको, चार्जिंगवर उन्हात बॅटरी फुगते. त्यापेक्षा तुमचा तो ईएसपी३२ बोर्ड घरात प्लगला लावा, तो ऐकून वायफायवर पुढे पाठवेल, हे काम तो मस्त करतो.

आणि पुढे शेजाऱ्यांना विकायचं मनात आलं तर मॉड्यूल आधीच डब्ल्यूपीसीची ईटीए (वायरलेस उपकरणांना लागणारी सरकारी मंजुरी) मिळालेलं घ्या, नंतर धावपळ नको.

चाळवाला_चांदवड

लोकेशनच बंद होतं! चालू केलं अन् अप्पांच्या फोनवर लगेच दिसलं, त्यांनी दोन वेळा डबीवर हात ठेवून आकडा वाढतो का ते बघितलं.

पहिला नवा नग तयार झालाय. १ किलोओम लावून मोजला तर शेकडो मायक्रोअँप येत होते, दोन रात्री गेल्या. ताईंनी लिहिलं होतं तेच, सीरियल पोर्ट. बंद केल्यावर १६, कपॅसिटरची गळती वजा केली की १३ च्या आसपास. जाळीपासून वीतभर आत टांगला, घराच्या ओट्यावर बसून पॅकेट मिळतंय, मोकळ्या जागेत चाळीस-पंचेचाळीस पावलं असतील.

काका, पहाटेच्या किमान तापमानावर सगळे कप्पे एका खाली एक दाखवतोय, बाकीच्यांपेक्षा दीड अंश वर गेला की तो कप्पा लाल. दीड बरोबर आहे का?

एक शेवटचं, सेन्सर खरं सांगतोय हे बारा नगांचं एकत्र कसं तपासू? दोन नगांत आर्द्रतेचा ४ टक्के फरक येतोय.

पीसीबी_भोसरी

मिठानं. एका वाटीत मीठ घ्या, चमचाभर पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळून संपता कामा नये. वाटी अन् सगळे सेन्सर एका घट्ट झाकणाच्या डब्यात, सेन्सरला मीठ लागू न देता, रात्रभर घरात जिथं तापमान फार बदलत नाही तिथं ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. जो नग ७३ ते ७७ च्या बाहेर दाखवेल त्याचा फरक लिहून फर्मवेअरमध्ये वजा करा, फारच बाहेर असेल तर सेन्सरमध्ये सोल्डरिंगचा फ्लक्स गेलाय समजा, सेन्सर बदला. बीकन असल्याचा फायदा हा की डबा न उघडता आकडे बाहेर मिळतात, फक्त डबा स्टीलचा घेऊ नका, प्लास्टिकचा घ्या.

गिरणाकाठ

दीड अंश पहिल्या वर्षी ठेव. लाल झाला की त्याच सकाळी त्या कप्प्यातून पाटीभर कांदा मधून काढून बघ आणि काय दिसलं ते तारखेसकट वहीत लिही. कोंब, काजळी, ओल, काहीच नाही, जे असेल ते. दिवाळीपर्यंत तुझ्या चाळीचा आकडा तुला वहीतूनच कळेल, मग मलाही कळव, माझ्या दोन चाळींना लावायचेत.